दोन वाहने : एक तौलनिक अभ्यास

विद्यार्थ्यांच्या बोलण्यात मोटारींचा विषय निघाला म्हणजे एक प्रश्न हटकून येतो : "ह्या दोहोंत चांगली गाडी कोणती?" प्रश्न सोपा दिसतो, परंतु तो अपुरा आहे. कुऱ्हाड चांगली की सुई चांगली, असे कोणी विचारल्यास आपण त्यास उलट विचारू की, बाबा रे, तुला लाकूड फोडावयाचे आहे की सदरा शिवावयाचा आहे? यंत्रांच्या बाबतीत मात्र ही साधी गोष्ट आपण विसरतो, आणि आकार, वेग व किंमत ह्या तीनच मापांनी सर्व यंत्रे मोजू लागतो. शास्त्रशुद्ध तुलनेत प्रथम हेतू पाहावा लागतो, मग रचना आणि शेवटी परिणाम. परिणाम पाहताना यंत्राच्या धन्याबरोबर रस्त्यावरील परक्या माणसाचाही विचार करावा लागतो. ही रीत कशी चालते हे दाखविण्याकरिता आम्ही ह्या लेखात मुद्दाम दोन अत्यंत भिन्न वाहने निवडली आहेत. पहिले, इंग्लंडात १९६२ साली निघालेली 'एमजीबी' नावाची रोडस्टर. आणि दुसरे, अमेरिकेतील फोर्ड कंपनीचा 'एफ-१५०' नावाचा अलीकडचा पिकअप ट्रक.

दोहोंचा परिचय

रोडस्टर म्हणजे दोन माणसांची, उघडी, बुटकी व चपळ मोटार. पावसापुरते तिला कापडी छत असते. एरवी ते मागे दुमडून ठेवितात. 'एमजी' ही अक्षरे ऑक्सफर्ड येथील 'मॉरिस गॅरेजेस' ह्या पेढीच्या नावाची आद्याक्षरे होत. १९२९ पासून ह्या गाड्या ऑक्सफर्डजवळील ॲबिंग्डन ह्या गावी तयार होऊ लागल्या. एमजीबी ही तेथील सर्वांत यशस्वी गाडी. १९६२ पासून १९८० पर्यंत उघडी व छपराची असे दोन्ही प्रकार मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या, आणि त्यांपैकी फार मोठा वाटा समुद्रापलीकडे अमेरिकेत गेला. १९८० साली ॲबिंग्डनचा कारखाना बंद झाला.

पिकअप ट्रक म्हणजे पुढे माणसांची खोली व मागे मालासाठी उघडा हौदा असलेले वाहन. फोर्डची 'एफ' मालिका १९४८ साली सुरू झाली, आणि तीत 'एफ-१५०' हे नाव १९७५ च्या मॉडेलापासून आले. शेतकरी, सुतार, गवंडी, नळ बसविणारा कारागीर अशा कष्टकरी लोकांचे हे वाहन. पुढे ते इतके लोकप्रिय झाले की, १९८१ पासून कित्येक दशके अमेरिकेत दरसाल सर्वांत अधिक खपणारे वाहन म्हणून ह्याच मालिकेची गणना होत आली.

आता दोहोंची मापे समोरासमोर ठेवू. एमजीबीची लांबी सुमारे ३.९ मीटर, रुंदी १.५ मीटर, उंची १.२५ मीटर आणि वजन सुमारे ९२० किलोग्रॅम. चार दारांच्या एफ-१५० ची लांबी सुमारे ५.९ मीटर, आरसे वगळून रुंदी २ मीटर, उंची १.९ मीटरांच्या वर आणि वजन, यंत्र व सोयी ह्यांप्रमाणे कमीजास्त, सुमारे २,१०० किलोग्रॅम. म्हणजे ट्रकाच्या वजनात दोन रोडस्टर बसून वर पुष्कळ लोखंड शिल्लक राहील.

रचना

एमजीबीच्या आधी ॲबिंग्डन येथे 'एमजीए' नावाची रोडस्टर होत असे. तिच्यात प्रथम पोलादाची मजबूत चौकट करून तीवर गाडीचा सांगाडा बसवीत. आपल्या बैलगाडीत आखावर साटी असते व साटीवर माल असतो, त्याच जातीची ही बांधणी. एमजीबीत अभियंत्यांनी ही निराळी चौकट काढून टाकली आणि गाडीचे पत्र्याचे अंग हेच तिचा कणा केले. हे कसे शक्य होते, ते समजण्यासाठी स्वयंपाकघरातील डब्याकडे पाहावे. पत्र्याचा सुटा तुकडा हाताने वाकतो. परंतु त्याच पत्र्याचा डबा केला व झाकण घट्ट बसविले, तर त्यावर मोठा माणूसही बसू शकतो. पत्रा तोच, परंतु आकारामुळे त्यास बळ आले. ह्या युक्तीमुळे एमजीबी आपल्या पूर्वजेपेक्षा लांबीला थोडी कमी असूनही आत अधिक ऐसपैस झाली.

परंतु रोडस्टरला छप्पर नाही, म्हणजे आपल्या डब्याला झाकण नाही. मग बळ कोठून आणावयाचे? ते दाराखालच्या उंबऱ्यांतून आणलेले आहे. हे उंबरे पत्र्याच्या पोकळ पेटीप्रमाणे असून गाडीचा पुष्कळसा भार तेच सोसतात. येथेच ह्या गाडीचे मर्मही आहे. इंग्लंडच्या ओल्या हवेत व हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठामुळे उंबऱ्यांस आतून गंज चढतो, आणि वरून रंग झळकत असताही गाडी कमरेत खचू लागते. अशा गाड्यांसाठी १९८८ पासून इंग्लंडात मूळच्याच साच्यांवर नवी अंगे पुन्हा तयार होऊ लागली. कारखाना बंद झाल्यावर आठ वर्षांनी एखाद्या गाडीचे नवे अंग मिळावे, ही गोष्ट मोटारींच्या इतिहासात विरळाच होय.

ट्रकात मात्र जुनी चौकटच कायम आहे, आणि तीही अडाणीपणाने नव्हे. हौद्यात टाकलेल्या विटा, मागे जोडलेले शेपटवाहन, खड्ड्यात एकच चाक गेले असता बसणारा पीळ, हे सर्व ओझे एकेका ठिकाणी एकवटते. ते वाहण्यास शिडीसारखी पोलादी चौकटच योग्य. शिवाय त्याच चौकटीवर लहान खोली, मोठी खोली, आखूड हौदा, लांब हौदा, असे हवे ते बसविता येते. २०१५ च्या मॉडेलापासून फोर्डने चौकट पोलादाचीच ठेवून वरचे अंग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे केले; त्यामुळे काही प्रकारांत वजन ३०० किलोग्रॅमांहून अधिक उतरले.

इतक्या भिन्न वाहनांत एक साम्य आहे, आणि ते चाणाक्ष विद्यार्थ्याने अवश्य ध्यानात ठेवावे. दोहोंच्याही मागच्या चाकांमध्ये सलग आस असून तो पोलादाच्या पाट्यांवर बसविलेला आहे. हे पाटे घोड्याच्या बग्गीच्या काळापासून चालत आलेले! ते स्वस्त असतात, भार सोसतात व आस जागच्या जागी धरून ठेवितात. जुने ते टाकाऊ, हा समज किती उथळ आहे हे एवढ्या एका उदाहरणावरून दिसून येईल.

यंत्र व इंधन

एमजीबीचे यंत्र चार नळकांड्यांचे असून त्याचे आकारमान १,७९८ घन सेंटिमीटर व शक्ती सुमारे ९५ अश्वशक्ती होती. पेट्रोल व हवा ह्यांचे मिश्रण दोन कार्ब्युरेटर करीत. गिअर चार, आणि आरंभीच्या गाड्यांत पहिल्या गिअरला जुळणीची सोय नसल्याने, गाडी चालती असताना तो घालावयाचा म्हणजे चालकाचे कसब लागे. बॉनेट उघडले की प्रत्येक अवयव डोळ्यांना दिसे, आणि चार पाने व एक पेचकस जवळ असता घरचा माणूसही पुष्कळशी दुरुस्ती करी.

एफ-१५० मध्ये अनेक यंत्रे मिळतात. त्यांपैकी मध्यम प्रतीचे आपण घेऊ. त्यास सहा नळकांडी असून आकारमान सुमारे २,७०० घन सेंटिमीटर आणि शक्ती सुमारे ३२५ अश्वशक्ती आहे. बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोराने फिरणारे दोन टर्बो पंखे आत अधिक हवा कोंबतात; पेट्रोल किती व केव्हा सोडावयाचे हे संगणक क्षणोक्षणी ठरवितो; गिअर दहा असून ते आपोआप बदलतात. घरच्या पेचकसाने येथे फारसे काही साधत नाही. बिघाड शोधण्यासही प्रथम दुसरा संगणकच जोडावा लागतो.

आता थोडे गणित करू. ९५ अश्वशक्तीस १.८ लिटरांनी भागले असता दर लिटरमागे सुमारे ५३ अश्वशक्ती येते. ३२५ ला २.७ ने भागले असता १२० येते. म्हणजे तेवढ्याच आकारमानातून मनुष्याने साठ वर्षांत दुपटीहून अधिक काम काढून घेतले. थांबलेल्या स्थितीतून ताशी ९६ किलोमीटरांचा वेग घेण्यास रोडस्टरला बारा सेकंदांच्या आसपास लागत. हा ट्रक तेच काम सहा-सात सेकंदांत करतो. धावण्यासाठी केलेल्या गाडीला ओझ्यासाठी केलेले वाहन मागे टाकते, हे ऐकून आमच्या वाचकांस नवल वाटल्यास त्यात नवल नाही.

परंतु दुसरा आकडा ह्याहून अधिक बोलका आहे. त्या काळच्या चाचण्यांत एमजीबी एका लिटर पेट्रोलात सुमारे ८ ते ९ किलोमीटर जात असे. वर सांगितलेल्या यंत्राचा, मागच्याच चाकांना जोर देणारा एफ-१५० एका लिटरात सुमारे ९ किलोमीटर जातो. वजन दुपटीहून अधिक, शक्ती तिपटीहून अधिक, आणि पेट्रोल जवळजवळ तेवढेच! अभियंत्यांच्या कर्तबगारीस ह्याहून मोठे प्रशस्तिपत्र कोणते? मात्र ह्याच आकड्याची दुसरी बाजूही पाहावी. यंत्र सुधारल्याने जे इंधन वाचावयाचे, ते सारे वाढलेल्या वजनाने व शक्तीने खाऊन टाकले. पगार वाढला, त्याबरोबर खर्चही तेवढाच वाढला आणि वर्षाच्या अखेरीस शिल्लक पूर्वीइतकीच राहिली, असा हा संसार झाला. एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे २.३ किलोग्रॅम कर्बद्विप्राणिद वायू हवेत जातो. तो रोडस्टरच्या नळीतून गेला काय किंवा ट्रकाच्या नळीतून गेला काय, हवेस दोन्ही सारखेच.

तथापि धुराच्या इतर घटकांत फार मोठा फरक पडला आहे, आणि येथे जुन्या गाडीची बाजू घेणे अन्यायाचे होईल. १९६२ साली पेट्रोलात शिशाचे संयुग मिसळीत असत, आणि ते विष धुरावाटे मुलांच्या रक्तात जाई. शिशाचे पेट्रोल ब्रिटनमध्ये व भारतातही २००० साली सर्वसाधारण विक्रीतून गेले. नव्या वाहनांच्या धूरनळीत विषारी वायूंचे रूपांतर करणारे पात्र असते. जुन्या एमजीबीत असे काहीच नव्हते.

सुरक्षितता : आतली आणि बाहेरची

आरंभीच्या एमजीबीत हवेच्या फुगणाऱ्या पिशव्या नव्हत्या, मानेला आधार नव्हता. अमेरिकेने सुरक्षिततेचे नियम कडक केल्यावर १९६८ पासून तेथे जाणाऱ्या गाड्यांत चालकापुढील फळीवर जाड गादी बसविण्यात आली. लोक तिला थट्टेने 'ॲबिंग्डनची उशी' म्हणू लागले. ट्रकात पट्टे, पिशव्या, चाके न घसरू देणारे ब्रेक, तोल सावरणारी यंत्रणा, असे सर्व काही आहे. आत बसलेल्या मनुष्यास विचारले, तर नवे वाहन निःसंशय अधिक सुरक्षित.

पण बाहेरच्या मनुष्यास कोण विचारणार? येथे आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील दोन नियम कामी येतात. समजा, चालकासह १,००० किलोग्रॅमांची रोडस्टर व २,२०० किलोग्रॅमांचा ट्रक ताशी ५० किलोमीटरांच्या वेगाने समोरासमोर आदळून एकमेकांत अडकले. संवेग अक्षय्य असतो, म्हणून दोन्ही मिळून ट्रकाच्याच दिशेने ताशी १८.७५ किलोमीटरांच्या वेगाने सरकतील. म्हणजे ट्रकातील मनुष्याच्या वेगात ३१.२५ किलोमीटरांचा फरक पडला. रोडस्टरमधील मनुष्याचा वेग पार उलटा होऊन ६८.७५ किलोमीटरांचा फरक पडला. धडक एकच, परंतु एकास बसलेला धक्का दुसऱ्याच्या दुपटीहून अधिक. जड वाहनाने विकत घेतलेल्या सुरक्षिततेची किंमत अशा रीतीने काही अंशी समोरच्याच्या खात्यावर पडते.

दुसरा नियम गतिज ऊर्जेचा. ती वजनाच्या प्रमाणात वाढते, पण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ५० किलोमीटरांनी जाणाऱ्या आपल्या ट्रकाची ऊर्जा सुमारे २,१२,००० ज्यूल भरते. रोडस्टरची ऊर्जा तेवढी होण्यास तिचा वेग केवळ ७५ किलोमीटर झाला की पुरे. सबब हलक्या गाडीच्या चालकाने स्वतःस निष्पाप समजून वेग वाढवीत राहू नये.

आता पायी चालणाऱ्याची गोष्ट. बुटक्या बॉनेटची गाडी प्रौढ मनुष्यास पायांपाशी लागते व तो बहुधा बॉनेटवर कलंडतो. उंच व उभ्या तोंडाचे वाहन त्याच्या धडावर आदळते व त्यास पुढे खाली पाडते. लहान मुलाच्या बाबतीत तर हा आघात छातीवर किंवा डोक्यावर येतो. अमेरिकेतील महामार्ग-सुरक्षेच्या विमा संस्थेने सुमारे १८,००० अपघातांचा अभ्यास करून २०२३ साली असे प्रसिद्ध केले की, ज्यांच्या बॉनेटची उंची ४० इंचांहून अधिक आहे अशा वाहनांच्या धडकेत पादचारी दगावण्याचा संभव, ३० इंचांपर्यंतच्या उतरत्या बॉनेटच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी अधिक असतो. शिवाय उंच बॉनेटच्या पुढ्यात उभे असलेले लहान मूल चालकाच्या दृष्टीसच पडत नाही. अमेरिकेत २००९ साली सुमारे ४,१०० पादचारी वाहनांखाली मेले; २०२२ साली ही संख्या सुमारे ७,५०० झाली. ह्यास वाहनांची उंची हे एकच कारण आहे असे कोणी समजू नये. वेग, अंधार, रस्त्यांची रचना, चालकाचे बेसावधपण ही कारणेही आहेत. परंतु वाहनांचा वाढता आकार त्यांपैकी एक आहे, हे नाकारता येत नाही.

हेतूचा विचार

आता आपण आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. हे वाहन कशासाठी? विटा, खते, अवजारे वाहावयाची असतील, किंवा मागे चार टनांचे शेपटवाहन ओढावयाचे असेल, तर पिकअपला तोड नाही; रोडस्टर तेथे निरुपयोगी. लासलगावच्या बाजारात कांदा घेऊन जाणाऱ्या शेतकऱ्यास आपल्याकडील लहान पिकअपचे मोल आम्ही सांगावयास नको. रोडस्टरचा हेतू निराळा. वळणाचा रस्ता, मोकळी हवा आणि हाताच्या इशाऱ्यासरशी वळणारे यंत्र ह्यांतील आनंद हाच तिचा हेतू. ती चैनीची वस्तू आहे, हे तिच्या चाहत्यांनीही मान्य करावे. मात्र ती चैन थोडी जागा व्यापते आणि स्वतःस उपयुक्त म्हणवीत नाही.

पिकअपच्या बाबतीत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, पूर्वीच्या पिकअपात बहुधा एकच बाक व मागे आठ फुटांपर्यंत हौदा असे. आज चार दारांची प्रशस्त खोली असलेल्या प्रकारात हौदा पुष्कळदा साडेपाच फुटांचाच असतो. माणसांची जागा वाढली, मालाची घटली. म्हणजे कामाचे वाहन हळूहळू कुटुंबाचे वाहन झाले, परंतु त्याने अंगावरचा कामकऱ्याचा पोशाख उतरविला नाही. ह्यास लोकांची हौस कारण झाली, तसे कायदेही कारण झाले. १९६४ पासून अमेरिकेने परदेशी बनावटीच्या लहान ट्रकांवर शेकडा २५ जकात बसविली, त्यामुळे देशी कारखानदारांस ह्या धंद्यात परक्याची स्पर्धा फारशी राहिली नाही. पुढे तेलाच्या टंचाईनंतर १९७५ साली इंधन वाचविण्याचा कायदा झाला, आणि त्याखाली ट्रकांसाठी मोटारींपेक्षा सौम्य मापे ठरविण्यात आली. कामकऱ्यास सवलत द्यावी हा उद्देश उचितच होता. परंतु सवलतीचे दार उघडे दिसताच ज्यांस काम नव्हते तेही त्यातून आत शिरले. २०१८ साली तर फोर्डने अमेरिकेतील आपल्या बहुतेक साध्या मोटारी बंद करून ट्रक व तत्सम उंच वाहनांवरच भर देण्याचे जाहीर केले.

ह्यावरून आमचा निर्णय काय? जो मनुष्य ट्रकाचा हौदा भरतो, त्याच्यासाठी ट्रक हे उत्तम वाहन होय. ज्याचा हौदा वर्षभर रिकामाच फिरतो, त्याने आपण कोणत्या मापाने गाडी निवडली, हे स्वतःस एकदा विचारावे. पालकांस आमची विनंती अशी की, घरात वाहन घेण्याचा विचार निघेल तेव्हा मुलांनाही त्या हिशोबात घ्यावे : किती माणसे, किती ओझे, कोणते रस्ते, आणि त्या रस्त्यांवरून कोणाची मुले शाळेत चालत जातात? आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवरील अपघातांत १,६८,००० हून अधिक माणसे मृत्यू पावली, व त्यांत ३२,००० हून अधिक पादचारी होते. उंच वाहनांची आवड आपल्याकडेही वाढत असता हा शेवटचा प्रश्न गौण मानता येणार नाही.

विद्यार्थ्यांनी सोडविण्यासाठी

१. वरील दोन्ही वाहनांच्या अश्वशक्तीस त्यांच्या वजनाने भागून दर टनामागे किती शक्ती येते ते काढा. ट्रक अधिक वेगाने का सुटतो, हे त्यावरून सांगा.

२. रोडस्टर ताशी ७० व ट्रक ताशी ३० किलोमीटरांच्या वेगाने समोरासमोर आले, तर धडकेनंतर दोन्ही कोणत्या दिशेने सरकतील?

३. आपल्या गल्लीत उभ्या असलेल्या कोणत्याही पाच वाहनांच्या बॉनेटची उंची, धन्याची परवानगी घेऊन, दोरीने मोजा. मग आपल्या धाकट्या भावंडाची उंची मोजून तिच्याशी ती ताडून पाहा. निष्कर्ष वहीत लिहा आणि घरी वडील मंडळींस वाचून दाखवा.